‘चावी दे गो’चा ढोल

रॉकी मार्तंडच्या नावाने आमच्या कॉलनीच्या मैदानात स्टेज होणार हे ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्याच्याबद्दल काही वाकडं बोलले तर म्हातारी जळते असं कुणी म्हणायला नको. माझे वडील कामाला होते त्या कंपनीच्या गॅदरिंगमध्ये तो पहिल्यांदा ‘चावी दे गो’ गायला, तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि इतकी किंचाळले की दोन दिवस घशातून आवाज फुटत नव्हता. आईने हळदीचं दूध दिलं आणि त्याच्याबरोबर दोन धपाटेही दिले.

मार्तंड शिगवण आमच्याच विक्रोळीतला, कन्नमवार नगरातला. त्याच कंपनीच्या पेंट शॉपमध्ये कामाला. गाव संगमेश्वरकडचं, आमचंच. सांताक्रूझला त्याचा एक ख्रिश्चन दोस्त होता आणि त्या दोस्ताकडे अमेरिकेतल्या रॉक अँड रोलच्या तबकड्या होत्या. दर रविवारी तिथे जाऊन मार्तंडचं डोकं फिरलं. खोबरेल थापून त्याने केसांचा कोंबडा काढला, दोस्ताची जुनी गिटार मागून आणली आणि मार्तंडचा रॉकी झाला. गाणी मात्र मराठीतच करायचा. ‘चावी दे गो’ म्हणजे काय, तर लॉकरची चावी हरवलेला कामगार ती शेजारणीकडे मागतो. शब्द यथातथाच होते, आवाज बरा होता. पण पुढे तबकडी निघाली तिच्यात गाण्याच्या खाली एक ढोल वाजायचा, आणि तो सुरू झाला की पाय कुणाचं ऐकायचे नाहीत. तबकडी एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने काढली. ती गणपतीत वाजली, लग्नांत वाजली, इराण्याच्या हॉटेलात वाजली.

पुढे त्याने आणखी पाच-सहा गाणी केली, एकही चाललं नाही. शिफ्ट करत करत तो रिटायर झाला आणि करोनात गेला. तो गेल्यावर कुणीतरी त्या ढोलावर नाचून रील टाकलं, त्यावर दुसऱ्याने टाकलं, आणि बघता बघता मार्तंडची वरात निघाली. पेपरात आलं, मराठीतला पहिला रॉकस्टार. जिवंत असताना ज्याला पाणी भरायच्या रांगेत कुणी पुढे घेतलं नाही, त्याच्या नावाचं आता स्टेज.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मग महाभारत झालं. कुणी म्हणे, एका गाण्यावर स्टेज? कुणी म्हणे, केसांचा कोंबडा काढून अमेरिकेची नक्कल केली, त्यात काय मोठं? मी चष्मा लावून, एका बोटाने, सगळ्यांना उत्तरं दिली. गाणं एकच होतं हे खरं, पण ते अजून वाजतंय ना? तुमचं काय वाजतंय, विचारलं. त्यावर दोघांनी ग्रुप सोडला.

या भांडणात एक माणूस अवाक्षर बोलला नाही. ते म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे धोंडिराम गमरे, मार्तंडचे सगळ्यात जुने मित्र. एकाच गावचे, पण गावात मार्तंड देवळाजवळ राहायचा आणि धोंडिराम बौद्धवाडीत, ओढ्यापलीकडे. तेव्हा त्या वाडीला दुसऱ्या नावाने हाक मारायचे. विक्रोळीत मात्र दोघांना एकाच पेंट शॉपमध्ये एकाच बाकावर बसून डबा खावा लागला, आणि मग ते जन्मभर एकाच बाकावर बसले.

धोंडूभाऊ म्हणजे शिस्तीचा माणूस. पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. विहाराचे कितीतरी वर्षं अध्यक्ष. कॉलनीतल्या अर्ध्या पोरांचे शाळेचे अर्ज त्यांनी भरून दिले असतील. पण एक खोड होती. ढोल वाजायला लागला की धोंडूभाऊ खिडकी लावून घेत. गणपतीत लावायचे ते लावायचेच, पण जयंतीच्या मिरवणुकीतही लावायचे. विहारातल्या पोरांना सांगायचे, वाजवण्यावर पैसे घालवू नका, पुस्तकं आणा. पोरं पाठीमागे त्यांना ‘सायलेन्सर’ म्हणायची. मार्तंड दरवर्षी गणपतीत ‘चावी दे गो’ गायचा, तेव्हाही ती खिडकी बंदच. जिवलग मित्र गातोय आणि हा माणूस कड्या घालून घरात बसलाय, याचा मला फार राग यायचा. एकदा मी तोंडावर बोललेही. ते नुसते हसले.

आणि गंमत म्हणजे त्यांची बोटं कधी स्वस्थ नसायची. रेशनच्या रांगेत पिशवीवर, जिन्याच्या कठड्यावर, चहाच्या बशीवर, सारखी चालू. मी म्हणायचे, “भाऊ, टायपिंगच्या परीक्षेला बसताय काय?” की लगेच हात खिशात.

स्टेजचं नक्की झाल्यावर मंडळाचा सेक्रेटरी नितेश त्यांच्याकडे आला. मी तेव्हा सोनूताईंकडे, म्हणजे धोंडूभाऊंच्या बायकोकडे, विरजण मागायला गेले होते.

“काका, उद्घाटनाला तुम्ही स्टेजवर पाहिजे. मार्तंडकाकांबरोबर एवढी वर्षं काढलीत, दोन शब्द बोला ना.”

“मला काय येतंय बोलायला,” धोंडूभाऊ म्हणाले.

“येडे झालात काय काका! विहारात तास-तास बोलता.”

धोंडूभाऊंनी बराच वेळ टेबलाच्या कडेवर बोटं वाजवली आणि मग बरं म्हणाले. सोनूताई विरजणाची वाटी हातात घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी वाटी माझ्याकडे दिली नाही, तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, बाईला ऐकू कमी येतंय की काय.

त्याच आठवड्यात त्यांची नात दर्शना माझ्याकडे आली. दर्शना अंधेरीला डबिंगच्या स्टुडिओत साउंडचं काम करते. लहानपणी आईबाप दोघे नोकरीला, त्यामुळे ती आजोबांच्या मांडीवर वाढली.

“जानकीआजी, तू रॉकीची एक नंबर फॅन ना? एक ऐक,” म्हणत तिने माझ्या कानावर हेडफोन चढवले. हल्ली म्हणे कॉम्प्युटरवर गाण्यातून एकेक आवाज सुटा करता येतो. तिने मार्तंडचा आवाज काढून टाकला होता, गिटार काढून टाकली होती. उरला होता तो नुसता ढोल.

मी ते गाणं हजार वेळा ऐकलं असेल, पण ढोल एकटा कधी ऐकला नव्हता. एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला पंजा. मी ऐकत राहिले आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण तो अमेरिकेचा नव्हता, सांताक्रूझचाही नव्हता. तो आमच्या शिमग्याचा होता. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून उठते तेव्हाचा. अगदी लहानपणी, काकाच्या खांद्यावर बसून मी तो ऐकला होता, आणि मग एका वर्षी पालखी निघाली ती मुकाट्याने निघाली. वाजवणारे आलेच नाहीत. मोठी माणसं दात-ओठ खात होती, एवढंच मला आठवतं.

“हे आपल्या गावाकडचं आहे गं,” मी म्हटलं.

“ते मला कुठे माहीत! मी शिमगा बघितलाच नाही कधी,” दर्शना म्हणाली. “पण आजी, मला हे पाठ आहे. हे शेवटचं, जिथे तो एक ठोका सोडून देतो ना, ते मला पाठ आहे. आजोबा मला झोपवताना पाठीवर हेच वाजवायचे.”

आम्ही दोघी तशाच खाली गेलो. धोंडूभाऊ पेपर वाचत होते, सोनूताई लसूण सोलत होत्या. दर्शनाने मोबाइल टेबलावर ठेवला आणि सुटा ढोल लावला. पहिल्या दोन ठोक्यांतच धोंडूभाऊ खिडकी लावायला उठले. सवयच ती. अर्ध्या वाटेवर थांबले आणि परत येऊन बसले.

“आजोबा, हा तुमचा हात आहे.”

“काहीतरीच काय.”

“मला आवाजाचेच पैसे देतात आजोबा. हा तुमचा हात आहे.”

ते माझ्याकडे बघायला लागले. मी वर छताकडे बघितलं. शेवटी म्हणाले, “वाजवला. एकदाच.”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचे वडील गावातले नावाजलेले ढोलवाले. पालखी असो, लग्न असो, पहिला ढोल त्यांचाच. पण वाजवायचं ते अंगणाबाहेर उभं राहून, आणि मिळायचं ते वरून टाकलेलं. बाबासाहेबांनी धम्म दिला आणि वाडीने ठरवलं, आता कुणाच्या दारात वाजवायचं नाही. त्या वर्षी शिमग्याला बोलावणं आलं, वडिलांनी नाही म्हणून सांगितलं. गावाने दुकानातलं मीठ-मिरची बंद केलं. सहाणेजवळ चौघांनी धरून वडिलांना मारलं, तरी ते नाहीच म्हणाले. घरी येऊन त्यांनी ढोल उचलला आणि नदीत सोडला. धोंडिराम तेव्हा दहा वर्षांचा असेल, टिमकी सोडून नुकताच ढोलावर आला होता. वडिलांनी त्याचे दोन्ही हात हातात घेऊन सांगितलं, या हातांना पुन्हा ढोल लावायचा नाही. मग सगळं घर मुंबईला आलं.

“आणि मग तबकडीचं निघालं,” धोंडूभाऊ म्हणाले. “स्टुडिओत मार्तंडबरोबर मी सहज गेलो होतो, सोबत म्हणून. एक ड्रमवाला होता, त्याचं गाण्याशी जमेचना. मार्तंड रडकुंडीला आला. मला बाजूला घेऊन म्हणतो, धोंड्या, तुझे बाबा पालखीला वाजवायचे ते तुला येतं ना? मी म्हटलं, मेलो तरी नाही. तो म्हणाला, अरे, दारात नाय वाजवायचं रे, बंद खोलीत वाजवायचंय. माझ्यासाठी.”

“आणि तुम्ही वाजवलंत,” दर्शना म्हणाली.

“वाजवला. भाड्याचा ढोल आणला होता, कातडं पार ढिलं पडलेलं. खाली चहावाला होता, त्याच्या शेगडीवर मी ते तापवलं. आणि मग काय सांगू पोरी.” त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी एवढ्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. “एवढा आनंद मला कधीच झाला नाही. तुझा बाप जन्मला तेव्हाही नाही. खोटं कशाला बोलू.”

सोनूताईंचं लसूण सोलणं थांबलं होतं.

“मार्तंड वेष्टनावर माझं नाव घालणार होता. ढोल, धोंडिराम गमरे. मी त्याच्या हातापाया पडलो. बाबांना वाचता यायचं. रात्रशाळेत शिकले होते ते. पाठीवरचे वळ घेऊन ज्याने ढोल सोडला, त्याने पोराचं नाव ढोलापुढे वाचायचं? मी मार्तंडला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. त्याने पाळली.”

“पाळणारच!” दर्शना भडकली. “त्याला काय, फुकटात! लोक विचारायचे, हा ठेका कुठून आला, तर काय सांगायचा माहितीये? असंच सुचलं, म्हणे! मी इंटरव्ह्यू बघितलाय. असंच सुचलं!”

“मीच सांगितलं होतं तसं बोलायला.”

“आणि तुम्हाला बरं वाटायचं ते ऐकून?”

धोंडूभाऊंनी पेपरची घडी घातली. मग हळूच म्हणाले, “मरायच्या आधी त्याने एकदा विचारलं होतं. बाबा जाऊन जमाना झाला, आता सांगू का म्हणून. मी नको म्हटलं. तोवर मी अध्यक्ष होतो. पोरांना सांगत होतो, ढोल सोडा. कुठल्या तोंडाने कबूल करणार होतो? पण एकदाच विचारलं त्याने, हेही खरं. दुसऱ्यांदा नाही विचारलं. मी नको म्हटल्यावर त्याला दुःख झालं की सुटल्यासारखं वाटलं, ते मला आजपर्यंत कळलं नाही.”

मला मार्तंडचा राग आला, मग धोंडूभाऊंचा आला, मग आमच्या गावाचा आला. शेवटचा राग सगळ्यात खरा होता, पण त्याचं आता काय करणार? मारणारे चौघे कधीच राख झाले. पालखीला हल्ली डीजे असतो.

“उद्घाटनाला सांगा,” दर्शना म्हणाली. “माइक हातात देणार आहेत ना? सांगा की हा हात माझा आहे. आजोबा, आता जयंतीला आपलीच पोरं ढोल वाजवतात. कुणाला लाज वाटत नाही त्याची.”

“तुम्ही स्वतःसाठी वाजवता गं. माझा बाप दुसऱ्याच्या दारात वाजवायचा. तो फरक मला माहीत आहे, तुला ऐकून माहीत आहे.”

“मग सगळ्यांना कळू दे ना तो फरक! नाहीतर त्या स्टेजवर त्याचं नाव लागणार आणि तुमचं कधीच कुठे लागणार नाही.”

धोंडूभाऊंनी बघतो म्हटलं. सोनूताई सोललेल्या लसणाची वाटी घेऊन आत गेल्या. पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याने ही गोष्ट पहिल्यांदा उघड केली होती आणि बाईने ‘हो का’ एवढंही विचारलं नाही, हे मला खटकलं. पण दुसऱ्याच्या घरात नाक तरी किती खुपसायचं? मी वर निघून आले.

उद्घाटन रविवारी संध्याकाळी झालं. स्टेज झकास झालं होतं. मागच्या भिंतीवर मार्तंडचं भलंमोठं चित्र, कोंबडा, गिटार, सगळं. चित्रात तो इतका गोरा काढला होता की त्याच्या आईने ओळखला नसता. धोंडूभाऊ कडक इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते, हात मांडीखाली दाबून. मी, सोनूताई आणि दर्शना दुसऱ्या रांगेत. दर्शनाने मोबाइल रेकॉर्डिंगला लावून धरला होता. मी तिला म्हटलं, हात दुखेल. ती म्हणाली, दुखू दे.

भाषणं झाली. नगरसेवकाने मार्तंडचा उल्लेख दोनदा मारुती असा केला. मग नितेशने माइक धोंडूभाऊंसमोर धरला आणि, पोरगं तसं हुशार, नेमकं विचारलं.

“काका, सगळ्यांना एक प्रश्न पडतो. ‘चावी दे गो’मधला तो ढोल! आज सगळी दुनिया त्यावर नाचते. रेकॉर्डवर वाजवणाऱ्याचं नावच नाही. तुम्ही तर मार्तंडकाकांच्या बरोबर होतात. कोण होता तो?”

सगळं मैदान शांत झालं असं मी म्हणणार नाही, मैदानात पोरं फुगे फोडत होती. पण आमची रांग शांत झाली. धोंडूभाऊंनी माइक हातात घेतला. ते समोर बघत होते, विहारातली सगळी पोरं पहिल्या रांगेत बसली होती तिकडे.

“मार्तंड माझा भाऊ होता,” ते म्हणाले. “मरेपर्यंत दिलेला शब्द पाळणारा माणूस होता. हे स्टेज त्याला मिळालं, ते योग्य झालं.” मग म्हणाले, “ढोलवाल्याचं मला काही माहीत नाही. असेल कुणीतरी.”

टाळ्या झाल्या. दर्शनाने मोबाइल खाली घेतला. ती रडत नव्हती, पण तिच्याकडे बघवत नव्हतं. मग स्पीकरवर ‘चावी दे गो’ लागलं आणि सगळी कॉलनी उठून नाचायला लागली. मी नाचले नाही. माझा जन्म गेला त्या गाण्यावर, आणि त्या संध्याकाळी मला ते ऐकवेना.

घरी आल्यावर मी मुद्दाम त्यांच्याकडेच थांबले. म्हटलं, या पोरीला आणि आजोबांना एका खोलीत एकटं सोडायला नको. धोंडूभाऊ शर्टाची मनगटाची बटणं काढत होते, ती निघत नव्हती. सोनूताईंनी पुढे होऊन काढून दिली. दोन्ही. आणि तशाच हात धरून उभ्या राहिल्या.

“मला वाटलं होतं, आज तरी बोलाल,” त्या म्हणाल्या. “बोलला असतात तर मला बोलायची पाळी आली नसती.”

“तू काय बोलणार?”

“मामंजींना माहीत होतं.”

धोंडूभाऊंना कळलंच नाही. “काय माहीत होतं?”

“तुम्ही वाजवलेलं. माझं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. तुम्ही सेकंड शिफ्टला गेलात की रेडिओवर गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. एक दिवस हे गाणं लागलं. मी भाकऱ्या थापत होते. मामंजी जेवत होते, ते ताटावरून उठले आणि रेडिओजवळ जाऊन बसले, खरकट्या हाताने. गाणं संपल्यावर म्हणाले, हा धोंडू आहे.”

मी खुर्ची धरून बसले. दर्शनाने आजीचा पदर धरला होता, लहानपणी धरायची तसा.

“मला म्हणाले, सूनबाई, त्याला सांगू नको मला कळलंय म्हणून. तो लपवतोय ते माझ्यासाठी लपवतोय. कळलं तर लाजेने मान वर करणार नाही. मग पुढे तुम्ही शिफ्टला गेलात की रोज विचारायचे, लागलं का गं आज? लागलं की मला गप्प बसवायचे. भांडं वाजलेलं चालायचं नाही. जाईपर्यंत असंच चाललं होतं त्यांचं.”

“रागावले होते?” धोंडूभाऊंचा आवाज मला ओळखू आला नाही. शहात्तर वर्षांचा माणूस, पण आवाज त्या दहा वर्षांच्या पोराचा.

“रागावले असते तर रोज ऐकलं असतं होय?”

“मग तू मला सांगितलं का नाहीस इतकी वर्षं? मी सगळं आयुष्य...”

“मला त्यांनी शपथ घातली होती. आणि तुम्ही तरी मला कुठे सांगितलंत? परवा या पोरीपुढे सांगितलंत, तेव्हा पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं. तोवर मला वाटायचं, बायकोलाही सांगावंसं वाटत नाही, एवढी यांना त्याची लाज आहे. मग मी कशाला बोलू?”

बघा आता. बाप पोराची लाज राखत होता, पोरगा बापाची, आणि सून दोघांची. मार्तंड आपला सगळ्यांची शपथ सांभाळत गात राहिला. एकानेही तोंड उघडलं असतं तर त्या तबकडीवर दोन नावं असती, कदाचित स्टेजवरही. आता मला कुणी विचारलं की मार्तंड त्या नावाला लायक होता का, तर मी म्हणेन, अर्ध्याला होता. उरलेलं अर्धं त्याने चोरलं नव्हतं. ते कुणी मागायलाच आलं नाही, म्हणून त्याच्याकडे राहिलं. हे बरं की वाईट, मला सांगता येत नाही. मला रडू येत होतं एवढं खरं.

बाहेर तेच गाणं पुन्हा पुन्हा लावत होते. खिडकी उघडीच होती, ती लावायचं धोंडूभाऊंच्या लक्षात आलं नाही. मग त्यांनी सोनूताईंना विचारलं, अगदी हळू, “काही म्हणाले होते का बाबा? वाजवण्याबद्दल?”

सोनूताई थोड्या घुटमळल्या.

“म्हणायचे, हात माझाच आहे. पण दुसऱ्या कडव्यात वायच घाय करतो.”

धोंडूभाऊंनी मान वर केली. बाहेर दुसरं कडवं यायचंच होतं. ते आलं, आणि ते कान देऊन ऐकू लागले. मीही ऐकलं. मार्तंड ‘गो’ म्हणून श्वास घेतो तिथे ढोल खरंच त्याच्या पुढे पळाला होता, अगदी जरासा. एवढ्या वर्षांत ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

“बरोबर आहे त्यांचं,” धोंडूभाऊ म्हणाले आणि रडायला लागले. “घाई झालीय. मला सांगायचं ना त्यांनी. मी त्यांच्यासमोर बसून नीट वाजवून दाखवला असता.”